सॅन स्टॉर्ममध्ये एस्टीमचं इंजिन: ११ महिने वापरल्यानंतर

कसारा घाटात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, तेव्हा टेम्परेचरचा काटा बरोब्बर मधोमध उभा होता. तो तसा मधोमध उभा राहावा म्हणून मी पाच महिने आणि जवळजवळ पंधरा हजार रुपये घालवले होते. त्यामुळे हा अनुभव गाडीचा कमी आणि त्या काट्याचा जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी सॅन स्टॉर्म, २००० सालची, एमएच १५, म्हणजे नाशिकची. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबर बॉडीची. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीचे सिग्नलला काच खाली करून "दादा, ही इलेक्ट्रिक का?" असं विचारतात. मूळ इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. माझ्या गाडीत ते नाही. ते सीझ झाल्यावर आधीच्या मालकाने मारुती एस्टीमचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं. हिशेब साधा होता. त्या रेनोच्या एका सीलसाठी कुर्ल्याच्या चकरा मारायच्या, आणि एस्टीम २००७ मध्ये बंद झाली तरी तिचा पार्ट आपल्याकडे नाशिकच्या द्वारकेला चहा संपायच्या आत हातात पडतो. शिवाय ८५ हॉर्सपॉवर. मागच्या जुलैत २ लाख ३५ हजारांना घेतली.

घेताना एक शहाणपणा केला, तो सांगतो. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर टॉर्च मारून ताडून बघितला. नोंद होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदल कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर ५ वर्षांनी पेठ रोडच्या आरटीओत पासिंगसाठी उभं राहावंच लागतं. नोंद नसती तर गाडी फुकट दिली तरी नको म्हणालो असतो.

चालवायला? मजा आहे, खोटं कशाला बोलू. पहाटे साडेपाचला त्र्यंबक रोड रिकामा असतो, छत काढलेलं, डावीकडे अंजनेरी उजळायला लागलेली, तिसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमच्या पुढे एस्टीमचं ते इंजिन असं काही गातं की एस्टीममध्ये बसून ते कधी ऐकू आलं नव्हतं. इतकं खाली बसतो की शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट मोजता येतात. ॲव्हरेज १३-१४. इंजिन माउंट घरगुती बनावटीचे, त्यामुळे आयडलिंगला आरसा थरथरतो आणि मागची गाडी एकाची दोन दिसते. छताचं रबर पंचवीस वर्षांत वाळून कडक झालंय, पावसात डाव्या मांडीवर थेंब पडतात. सौ. त्याच बाजूला बसतात, म्हणून त्या पावसाळ्यात बसत नाहीत. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र मी पहिल्याच महिन्यात बदलल्या. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुन्या रबराचा भरवसा नाही.

तर, काटा.

पहिल्या दिवसापासून गाडी गरम झाली की काटा लाल पट्टीच्या एक रेघ अलीकडे जाऊन बसायचा. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तर अगदी चिकटायचा. रेडिएटरचा फॅन मात्र तेव्हा सुरूच झालेला नसायचा. मी अंबडच्या एका गॅरेजला दाखवलं. त्यांनी रेडिएटर काढून साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला. बिल १४,५००. काटा जिथल्या तिथे. मी परत गेलो तर म्हणे, "सर, या गाडीचा काटा असाच दाखवतो. लक्ष देऊ नका." मग हे पंप उतरवायच्या आधी का नाही सुचलं? रेडिएटरची कॅप बदलली का, एवढं विचारल्यावर "जुनी चांगली आहे" असं उत्तर आलं. ही कॅप लक्षात ठेवा.

शेवटी मीच बसून विचार केला. डॅशबोर्डवरचा काटा जुन्या इंजिनाच्या हिशेबाचा, आणि पाण्यात बुडालेला सेंडर, म्हणजे तापमान वायरने काट्याला कळवणारा भाग, एस्टीमचा. सेंडर तापला की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) उतरतो, करंट वाढतो, काटा वर चढतो. दोघांची जोडी एका कंपनीची नसेल तर ९० डिग्रीला काटा कुठेही जाऊ शकतो. म्हणजे इंजिन ठणठणीत, खोटारडा काटा.

खात्री करायची म्हणून सेंडर काढला, स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं, मल्टिमीटर लावला, ३५० रुपयांचं किचन थर्मामीटर आणलं आणि गॅसवर ठेवलं. पाणी उकळायला लागलं आणि थर्मामीटर ९८ ला थांबलं. पाच मिनिटं ढवळलं, तरी ९८. थर्मामीटर परत करायला निघालो होतो, तर लेक म्हणाली, "बाबा, नाशिक समुद्रसपाटीला आहे का?" सहाशे मीटरच्या आसपास आहे आपण, पाणी ९८ लाच उकळतं. थर्मामीटर बरोबर होतं, दहावीतला मी कच्चा होतो. तेवढ्यात सौ. आत आल्या. "अहो, हे दुधाचं पातेलं आहे." त्यावर तेलाचा तवंग तरंगत होता.

आकडे लिहून घेतले, महात्मा गांधी रोडवरून १५ रुपयांत ४७ ओहमचा रेझिस्टर आणला आणि सेंडरच्या वायरमध्ये सिरीजला टाकला. काटा मधोमध! फॅन सुरू होईपर्यंत मधोमध, फॅन सुरू झाल्यावरही मधोमध. त्या डिसेंबरात मी भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली. मार्चमध्ये या लेखाचा पहिला खर्डा लिहिला, त्यात वाक्य होतं: "१४,५०० च्या कामाला १५ रुपयांचा उतारा." ते वाक्य आज खोडतो आहे.

मे महिन्यात मुंबईहून येत होतो. समृद्धीचा टोल वाचवायचा म्हणून जुन्या रस्त्याने घाट धरला. दुपारचे साडेतीन, पुढे कंटेनरची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललो होतो. गोडसर वास आला. मला वाटलं, कुणाची तरी गाडी तापली. आपला काटा बघितला, मधोमध. मग वाफ.

बाजूला घेऊन अर्धा तास नुसता बसलो, कॅपला हात लावला नाही. निवल्यावर बघितलं तर कूलंटची टाकी रिकामी आणि कॅपचं स्प्रिंग बोटाने दाबलं की दबून राहतंय. ही कॅप पाण्यावर दाब धरून ठेवते, म्हणून आतलं कूलंट शंभरच्या पुढेही उकळत नाही. दाब गेला की मग माझ्या पातेल्यातलाच हिशेब: शंभरच्या आतबाहेर उकळी, आणि सगळं पाणी बाहेर.

काट्याने का नाही सांगितलं, हे मला तिथेच, दगडावर बसल्या बसल्या उमगलं. सेंडर जसजसा तापतो तसतसा त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स कमी कमी होत जातो. वर माझे ४७ ओहम कायमचे. म्हणजे थंड इंजिनाला काटा नीट हलणार, पण ९० च्या पुढे, जिथे खरी गरज, तिथे माझा रेझिस्टरच भारी पडणार आणि काटा जागचा हलणार नाही. आधी काटा ओरडून खोटं बोलत होता. मी त्याचं तोंड दाबून त्याला मधोमध बसवला. १५ रुपयांत.

वाशीला टोमॅटो टाकून रिकामी परतणारी एक पिकअप थांबली. "भाऊ, टोचन करू, पण दोन हजार." घासाघीस केली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. दोरी बांधून इगतपुरी, घोटी, विल्होळी असं पन्नासेक किलोमीटर. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा, आणि बसायची उंची अशी की सगळा रस्ता मला पिकअपचा डिफरन्शियल दिसत होता. पाथर्डी फाट्याला पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलेलं. हेड ॲल्युमिनियमचं, थोडं वाकलं होतं. हेड सपाट करायचं फेसिंग, गॅस्केट, हेड उघडलंच आहे म्हणून टायमिंग बेल्ट, मजुरीसह १२,८००. नवी कॅप १८०. अंबडच्या त्या गॅरेजला फोन केला. पलीकडून, "सर, तुम्ही वायर कापून रेझिस्टर टाकला ना? मग आमची काही जबाबदारी नाही." कॅपबद्दल विचारलं तर फोनवर ग्राइंडर सुरू झाला. रेझिस्टरचं त्यांचं बरोबर आहे, मी मान्य करतो. पण पंप बदलणाऱ्याने कॅप न बदलणं म्हणजे घर रंगवून कडी मोडकी ठेवणं. आता काम सातपूरच्या एका मिस्त्रींकडे असतं. ते कमी बोलतात.

त्यांनीच मार्ग काढला. "इलेक्ट्रिकचा नाद सोडा. ट्रॅक्टरचा लावा." ट्रॅक्टरच्या टेम्परेचर मीटरला वायर नसते. पितळी बल्ब पाण्यात, तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी थेट डायलपर्यंत. आतला दाब वाढला की काटा फिरतो. ना करंट, ना ओहम, ना माझी अक्कल. पिंपळगावला द्राक्षवाल्यांच्या स्पेअरच्या दुकानात ५२० ला मिळाला. दुकानदाराने विचारलं, "कोणता ट्रॅक्टर?" मी म्हटलं, लहान आहे. बल्बचे आटे हेडच्या आट्यांना बसेनात, म्हणून एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी मधे बसणारा पितळी बुश काढून दिला. त्यांनी बल्ब डोळ्याशी धरला, हेडच्या भोकात करंगळी फिरवली, कागदावर एक आकडाही न लिहिता मशीन सुरू केलं. वीस मिनिटांत बुश. पहिल्या फटक्यात बसला, एक थेंब गळत नाही. ३५० घेतले. या अकरा महिन्यांत या गाडीवर झालेलं सगळ्यात सुंदर काम तेच, आणि ते बॉनेट उघडल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

आता स्पोर्ट्‌स कारच्या डॅशबोर्डखाली ट्रॅक्टरचा गोल डायल लटकतो. आकडे नाहीत, नुसते पांढरा, हिरवा, लाल असे पट्टे. परवा मुद्दाम कसारा घाट पुन्हा चढलो, दुपारीच. काटा हिरव्याच्या वरच्या कडेला गेला, फॅन लागला, खाली आला. हलला, हे बघूनच इगतपुरीला वडापाव खाल्ला.

घ्यावी का? इंजिन बदललेली घेणार असाल तर इंजिन नका बघू, ते बहुतेक चांगलंच असतं, म्हणून तर कुणीतरी बसवलं. जिथे जुनी गाडी संपते आणि नवं इंजिन सुरू होतं ते सांधे बघा: माउंट, ॲक्सल, वायरिंग, आणि काटे. आणि कॅप स्वतःच्या हाताने बदला. सौ. विकू म्हणतात. मी पावसाळा संपू दे म्हणतो. छताच्या रबराचा पत्ता कुणाकडे असेल तर कळवा, गोव्यालाही जायची तयारी आहे.

एकट्या काट्यापायी झालेला खर्च वहीत वेगळा मांडलाय: ३१,०५५. त्यात नव्या पातेल्याचे ३४० धरलेत.