बाल्कनीतली तीन मडकी, आठ महिने वापरून

मृगाच्या आधी घेतलेली ही मातीची खतकुंडी, तीन मडकी एकावर एक, बाजूला भोकं आणि वर झाकण. साडेतीन हजार पडले. ऑनलाइन मागवली तर झाकण तडकलेलं आलं, फोटो पाठवून, दोनदा फोन करून दुसरं मिळेपर्यंत अकरा दिवस गेले, तोवर जुनं पोळपाट वर ठेवून भागवलं.

वापरायला सोप्पी आहे. तळाला पेपर, त्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मग दिवसभराची सालं-देठं, परत दोन मुठी कोकोपीट आणि आठवड्यातून एकदा आंबट ताक शिंपडायचं. आम्ही चौघं, एक मडकं साधारण महिन्यात भरतं. भरलं की मधल्या रिकाम्याशी अदलाबदल करायची आणि तेही भरलं की जुनं सगळं तळाच्या मडक्यात ओतायचं, एवढंच.

पण पावसाळ्यात मी माती खाल्ली. कोकोपीट संपलं होतं, म्हटलं दोन दिवस असंच टाकू, त्यात भाताची पेज पण ओतली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर पांढऱ्या अळ्या वळवळतायत आणि वास म्हणजे विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरात किडे पाळतेयस का?" नर्सरीवाल्याने सांगितलं अळ्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात, फक्त ओल कमी करा. निंबोळी पेंड आणि वाळका पालापाचोळा टाकला, आठवड्यात वास गेला. आंब्याच्या कोयी मात्र टाकू नका, दोन महिन्यांनी खत चाळलं तर आठ कोयी जशाच्या तशा, एकीला तर कोंब.

खत छान निघतं, काळं, भुसभुशीत, पण बाल्कनीत आठ कुंड्या असलेल्या माणसाला किती लागणार? खरा फरक बादलीत पडला. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात, म्हणजे कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, 1993 ला सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून निघालेली, पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. सुक्यातलं भंगारात विकून जे येतं ते त्यांचंच असतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, आणि मी चहाचा चोथा लागलेले पुठ्ठे देत होते, ते कोण घेणार? आता सुकं कोरडं जातं. पहिल्या महिन्यात ओल्याची बादली जवळजवळ रिकामी बघून ताई म्हणाल्या, "ताई, गावाला गेलतात का?"

डायपर, पॅड यात चालत नाहीत, ते पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळंच द्यायचं, म्हणजे ताईंना हातात घ्यायच्या आधीच कळतं.

अजून एक, गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी यातलं एक केलं तर पालिका मिळकतकरात 5 टक्के सूट देते, दोन केली तर 10. सोसायटीत गांडूळखताचा खड्डा करू म्हणून मी मीटिंगला विषय काढला, सेक्रेटरी काका पार्किंगवरून पुढे सरकलेच नाहीत. पुण्याचा कचरा डेपो जिथे आहे त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी हा कचरा नको म्हणून इतकी आंदोलनं केली, तरी आमच्या बिल्डिंगमध्ये अजून निम्मी घरं एकाच पिशवीत सगळं बांधून ठेवतात.

चार स्टार. एक कापला तो झाकणाचा आणि वजनाचा, भरलेलं मडकं एकटीने उचलत नाही, नवऱ्याला हाक मारावीच लागते. पावसाची झड येणारी बाल्कनी असेल तर आधी पत्र्याची सोय करा. आणि घरात दोघंच असाल तर छोटी साइझ घ्या, ही भरता भरत नाही.