ओडिसी: दुकानातले भाग की यंत्रातले?

‘ॲडव्हेंचर्स इन ओडिसी’ ही मुलांसाठीची अमेरिकन ख्रिस्ती श्राव्यमालिका १९८७मध्ये सुरू झाली. तिचे बरेचसे भाग दोन जातींचे. एक, ओडिसी गावातले: व्हिट यांच्या आइस्क्रीमच्या दुकानात पोरं येतात, कुणी खोटं बोललेलं असतं, कुणी मैत्रिणीला दुखावलेलं. दुसरे इमॅजिनेशन स्टेशनचे. व्हिट यांनीच बनवलेल्या त्या यंत्रात बसायचं, लाल बटण दाबायचं, की थेट बायबलचा काळ! आवाजाची गंमत यातच जास्त; यंत्र घरघरतं आणि एकदम गर्दीचा कोलाहल कानावर येतो. पण गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक. दुकानातल्या भागात मात्र ‘हा आता कबूल करेल का?’ म्हणून कान टवकारतात. उपदेशही तिथेच अंमळ जास्त, हे खरं. तरी माझं मत दुकानालाच.