जिल्हा जनगणना पुस्तिका, यवतमाळ : लहान गावाचा आकडा शोधणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीचा आराखडा करायचा असो की गावाचा इतिहास लिहायला घ्यायचा असो, लोकसंख्येचा आकडा कुठून आणायचा हा प्रश्न आधी उभा राहतो. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारी 2011 ची जिल्हा जनगणना पुस्तिका हे त्यासाठी सर्वांत भरवशाचे साधन आहे. मात्र ती वाचणाऱ्याला गावाची थोडी माहिती आधीच असावी लागते.

पुस्तिका इंग्रजीत आणि दोन भागांत आहे. पहिल्या भागात शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता यांची नोंद असून गावात सोय नसल्यास अंतर अक्षराने दाखवले आहे : पाच किलोमीटरच्या आत ‘ए’, पाच ते दहा ‘बी’ आणि त्यापुढे ‘सी’. नाल्याला पूर आला की ‘ए’ आणि ‘सी’ यांत फारसा फरक उरत नाही, हे अर्थातच कोणत्याही रकान्यात मावणारे नाही. दुसऱ्या भागात कुटुंबे, स्त्री-पुरुष, साक्षर, शेतकरी, शेतमजूर असे आकडे आहेत.

खरी अडचण अशी की ही मोजणी महसुली मौज्याची, म्हणजे महसूल दप्तरातल्या गाव-शिवाराची आहे, वस्तीची नाही. कोलामांचा पोड (त्यांची वस्ती) किंवा बंजाऱ्यांचा तांडा मूळ गावापासून दूर असला, तरी त्याची माणसे त्या मौज्याच्याच ओळीत मिसळतात. कोलाम निदान अनुसूचित जमातीच्या रकान्यात गोंडांबरोबर मोजले जातात. बंजारा समाज राज्यात विमुक्त जातींत मोडत असल्याने त्याला वेगळा रकानाच नाही. शिवाय 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीदरम्यान, म्हणजे तांड्यांवरची माणसे बाहेर गेलेली असतात अशा ऐन ऊसतोडीच्या हंगामात झाली आणि त्या संपूर्ण काळात गावाबाहेर असलेल्यांची नोंद ते जिथे सापडले तिथे करायची, असा नियम होता. तांड्याचा आकडा कमी वाटला, तर हे ध्यानात ठेवावे.

रिठी, म्हणजे वस्ती नसलेल्या, गावांच्या ओळी तर थांबून वाचाव्यात अशा आहेत. नाव आहे, सहा आकडी कोड आहे, क्षेत्रफळ आहे आणि पुढे माणसांचा पत्ता नाही. राज्यातील 43,663 गावांपैकी 40,959 गावांतच वस्ती नोंदलेली आहे.  बल्गेरियासारख्या देशातल्या निर्जन खेड्यात माणसे शहरांत वा परदेशांत गेल्यामुळे ओस पडलेली घरे दिसतात. आपल्या रिठात पुष्कळदा घराचा मागमूस नसतो, पण शिवार पेरलेले असते, सातबारा त्याच मौज्याच्या नावाने निघतो आणि कसणारा शेजारच्या गावात राहतो. त्यामुळे रिकामा रकाना पाहून शिवारही पडीक असेल, असे समजू नये.

गावाच्या इतिहासासाठी मात्र 2011 ची एकटी पुस्तिका पुरत नाही. जुने आकडे हवे असल्यास 1951 ची पुस्तिका मध्य प्रदेशाच्या यादीत आणि ‘येवतमाळ’ या जुन्या इंग्रजी नावाखाली शोधावी, कारण तेव्हा आपला जिल्हा त्या राज्यात होता. एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द गावे असतील, तर नावावर न जाता 2011 चा कोड आणि क्षेत्रफळ ताडून पाहावे. मोबाइलवर हे तक्ते वाचणे जवळपास अशक्य आहे. आपल्या तालुक्याची पाने तेवढी छापून घेतलेली बरी. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 असल्याने गावनिहाय ताजे आकडे हाती येईपर्यंत याच पानांवर काम भागवावे लागेल.