माफुशीतील गेस्टहाऊसचा अनुभव
मालदीवची राजधानी माले येथून फेरीने सुमारे दीड तासावर असलेल्या माफुशी बेटावरील एका छोट्या गेस्टहाऊसमध्ये आम्ही पाच दिवस राहिलो. या देशात १९७२ साली सुरू झालेले पर्यटन दीर्घकाळ निर्जन बेटांवरील रिसॉर्टपुरतेच मर्यादित होते. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाऊसना परवानगी मिळाली आणि आमच्यासारख्या बेताच्या खर्चात फिरणाऱ्यांची सोय झाली. खोली स्वच्छ होती. न्याहारीला ट्यूना, ओले खोबरे आणि कांदा कालवून केलेली मासहुनी व गरम रोशी, म्हणजे तिथली पोळी, मिळे. केवळ तिच्यासाठी मी पुन्हा जाईन. पर्यटकांकडून घेतला जाणारा हरित कर वेगळा भरावा लागेल, हे मात्र आरक्षण करताना आम्हाला सांगितले नव्हते.

सगळी कामे बांगलादेशातून आलेले दोन तरुण करत. २०२२ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे पाच लाख पंधरा हजार रहिवाशांपैकी जवळपास चौथा हिस्सा परदेशी आहे, याचा अर्थ तिथे समजला. रात्री अकराला आम्हाला खोलीची किल्ली देणारा मुलगाच पहाटे सहाला रोशी लाटत होता. सेवेला पूर्ण गुण. त्याच्या विश्रांतीची व्यवस्था मालकाने तातडीने करावी.