पाठ आखडलेल्या घोड्यासाठी हलका स्पर्श आणि गाजराचे ताण: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वारीच्या, पाठ आखडलेल्या घोड्यांवर दोन गोष्टी काही महिने नेमाने केल्या: हाताच्या हलक्या स्पर्शाने स्नायू सैल करणं आणि गाजर दाखवून मान-पाठ वळवून घेणं. निकाल आधीच सांगायचा तर गाजराच्या ताणांना पूर्ण गुण. हलका स्पर्शही उत्तम, पण करणाऱ्याकडे धीर हवा. कंपन देणाऱ्या मसाज-यंत्राची गरज नाही. बरेच घोडे त्याच्या आवाजानेच अंग चोरतात.

हलक्या स्पर्शाची ही रीत घोड्यांच्या स्नायूंवर हाताने उपचार करणारे जिम मास्टरसन यांनी रूढ केली. कानांमागून सुरुवात करायची, आयाळीच्या थोडं खाली, मग कण्याला धरून पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत आणि तिथून मागच्या पायावरून खुरापर्यंत बोटं अगदी सावकाश न्यायची. दाब किती? दुधावरची साय फाटणार नाही इतकाच. नजर मात्र घोड्याच्या डोळ्यावर. पापणी लवली किंवा ओठ थरथरला की बोट तिथेच थांबवायचं आणि तो जांभई देईपर्यंत, मान झटकेपर्यंत किंवा खोल श्वास सोडेपर्यंत हलवायचं नाही. कधी यात एक-दोन मिनिटं जातात, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. अंगठ्याने जोरात रगडलं की घोडा पाठ खाली दाबतो, मान वर घेतो, शेपटी झटकतो. म्हणजे जो स्नायू सैल करायचा तोच तो आवळून धरतो.

चाटणं-चघळणं दिसलं की लोक खूश होतात. पण ती खूण तणावातून शांततेकडे येताना दिसते, त्यामुळे आधी तणाव आपल्याच हाताने तर दिला नाही ना, हे पाहावं. डोळे विझलेले आणि अंग लाकडासारखं स्थिर असेल तर तो घोडा सैल झालेला नाही, त्याने फक्त सोसायचं ठरवलं आहे. अशा वेळी हात काढून घ्यावा.

आता गाजर. सपाट, न घसरणारी जमीन हवी आणि घोडा भिंतीलगत उभा असला तर मागचं अंग सरकत नाही. हनुवटी आधी छातीकडे, मग पुढच्या गुडघ्यांच्या मधे, मग त्याही खाली खुरांच्या वरच्या सांध्यांपर्यंत; नंतर दोन्ही बाजूंना तंगाजवळ (खोगिराचा पोटाखालचा पट्टा येतो तिथे), बरगड्यांच्या मागच्या खोलगट कुशीपाशी आणि शेवटी मागच्या खुराकडे. प्रत्येक जागी 5 सेकंद, प्रत्येकी 5 वेळा. नव्या घोड्याकडून पहिल्या दिवशी कुशीपर्यंतची अपेक्षा ठेवू नये. गाजर हिसकावून घेऊ दिलं तर सगळं वाया, कारण काम होतं ते मान तिथे धरून ठेवण्यातच. दुसरी फसगत डोकं तिरपं करण्याची: एक कान वर, एक खाली दिसला की मान वळलेली नाही, फक्त डोकं पिळलं आहे.

या ताणांवर इतका भर देण्याचं कारण मल्टिफिडस, म्हणजे मणक्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा कण्यालगतचा खोल स्नायू. पाठ दुखली की तो झिजतो आणि दुखणं गेलं तरी आपोआप भरत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 घोड्यांना आठवड्यातून 5 दिवस, 3 महिने हे ताण दिले होते. अल्ट्रासाउंडमध्ये या स्नायूचा आकार वाढलेला दिसला. तेव्हा पंधरा दिवसांत निकाल मागू नये. चार-चार आठवड्यांनी एकाच जागी, सारख्या उजेडात बाजूने आणि मागून फोटो काढावेत. ओल्या मातीवर कदम, म्हणजे साध्या चालीने, चालवून मागचा खूर पुढच्याच्या ठशापलीकडे किती पडतो, तेही मोजावं. खरारा करताना पाठ चोरणं सगळ्यात आधी कमी होतं.

स्नायूतली एकच गाठ त्याच जागी परत परत येत असेल तर हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, कारण दुसरीकडे आहे. खोगीर खांद्याच्या फऱ्यामागे बसावं आणि शेवटच्या, म्हणजे 18व्या बरगडीच्या मागे जाऊ नये. घामाने भिजलेल्या पाठीवर कोरडा पट्टा दिसला तर तिथे बहुधा जास्त दाब पडतो आहे. घोड्याला हसळीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असतात. म्हणून तंग ओढून घट्ट केला की खांद्याची चाल लगेच आखूड होते. खूर 6 ते 8 आठवड्यांनी तासून घ्यावेत, दात वर्षातून निदान एकदा तपासून घ्यावेत. जठरात आम्ल सतत पाझरतं, म्हणून 450 किलोच्या घोड्याच्या पोटात दिवसाला किमान 7 किलो सुकं गवत जायलाच हवं. तंग आवळताना चावायला धावणारा घोडा अनेकदा जठराच्या व्रणाने त्रासलेला असतो. त्याचं निदान पशुवैद्यच करतील.

ताप 38.5 अंशांच्या वर, नवा लंगडेपणा, सूज किंवा गरम खूर असतील तर अंगाला हात लावू नये. कामानंतर पुठ्ठे दगडासारखे आखडले आणि लघवी कॉफीसारखी गडद झाली, तर मालिश नाही, चालवणंही नाही. घोडा जागेवरच उभा ठेवून पशुवैद्याला बोलवा.