नमुना 6 आणि नमुना 7: बोगस नाव की गाळलेलं नाव?

2024 मध्ये महाराष्ट्राची मतदारसंख्या लोकसभेच्या सुमारे 9.30 कोटींवरून विधानसभेला 9.70 कोटींवर गेली. काँग्रेस म्हणते यादीत बोगस नावांची भरती, निवडणूक आयोग म्हणतो नियमित नोंदणी. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघातली तक्रार उलटी: खरी नावं उडवण्याची.

यादीत नव्या नावाची भरती नमुना 6 या अर्जाने होते: वयाचा नि पत्त्याचा पुरावा, बीएलओची (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारा कर्मचारी) पडताळणी, हरकतींना 7 दिवस. घोळ बहुधा स्थलांतरात होतो. नव्या पत्त्यासाठी नमुना 8 हवा. लोक पुन्हा 6 भरतात, नाव दोनदा लागतं. (दुबार नाव म्हणजे दुबार मत नव्हे, हे भाषणांत कोणी सांगत नाही.)

नाव वगळणं नमुना 7 ने. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 22 नुसार मतदाराला आधी म्हणणं मांडू द्यावं लागतं, पण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर त्याला पत्ताच लागत नाही. अपील 15 दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांकडे.

दोन्हींत वगळणं जास्त घातक. तोतया मतदाराला पोलिंग एजंट (उमेदवाराचा केंद्रावरचा प्रतिनिधी) 2 रुपये भरून केंद्रावरच आव्हान देऊ शकतो. गाळलेल्याला त्या दिवशी उपाय नाही; उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही.