फुले मार्केटमधले कॅनव्हासचे जंगल बूट : यावलच्या जंगलात वर्षभर वापरून

किंमत साडेअकराशे, माप पाच, रंग शेवाळी. जळगावला फुले मार्केटमधून घेतले. आतल्या शिक्क्यावर कंपनीचं नाव आहे, पण दुकानदारालाही ते नीट सांगता आलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. कापडी वरचा भाग, जाड रबरी तळ, घोट्याच्या वर चार बोटं उंची. पाचपैकी साडेतीन तारे देते. दीड तारा कुठे कापला ते पुढे येईलच.

मी वनरक्षक आहे. वनखात्यात नव्याने भरती झालेल्या पोरींचे मेसेज येतात, ताई बूट कोणते घेऊ. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा हे वाचा. भरतीला चार तासांत १६ किलोमीटर चालायचं म्हणून जे पांढरे-गुलाबी स्पोर्ट्स शूज घेतले असतील, ते आता लग्नाला घाला. ती चाल सपाट रस्त्यावरची होती. बीटात, म्हणजे आपल्या वाट्याच्या जंगलाच्या तुकड्यात, रस्ता नसतो, नाला असतो, आणि नाल्यात सुटे काळे दगड. स्पोर्ट्स शूजचा मऊ तळ दगडाच्या कडेवर दुमडतो आणि घोटा जातो. माझ्या बरोबरीच्या दोघींचे गेले.

हे बूट पहिल्यांदा घरी घालून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "माय वं, बूट शेतस का होड्या?" दिसतात खरे तसे. बायकांचं माप म्हणून वेगळं काही बनतच नाही, पुरुषांचाच साचा लहान केलेला असतो. टाच सैल आणि चवडा रुंद. दोन मोजे घातले की बसतो. उन्हाळ्यात दोन मोजे म्हणजे काय ते यावल तालुक्यातल्या मे महिन्यात राहिलेल्यांना सांगायला नको. अर्धा तारा इथेच गेला.

आता चांगलं. पकड उत्तम. सुकी नदीच्या पात्रातल्या शेवाळी दगडांवर मी एकदाही सरकले नाही. पाणी आत जातंच, कापड आहे शेवटी, पण कडेला जाळीची दोन भोकं आहेत त्यातून ते बाहेरही येतं, आणि अंजनाच्या विरळ सावलीत तासभर काढून ठेवले की बूट घालण्याजोगे होतात. चामड्याचे बूट एकदा भिजले की दोन दिवस जड राहतात आणि वाळले की कडक होतात. पावसाळ्यात गस्त रोजची, बूट वाळायची वाट बघायला वेळ कुठे.

वाईट म्हणजे कुसळं. दिवाळीनंतर सातपुड्यातलं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कॅनव्हासच्या विणीतून ती आत शिरतात, मोज्यात अडकतात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. आमचे वनपाल काका अजून जुन्या पद्धतीने पोटरीपासून बुटाच्या तोंडापर्यंत खाकी पट्टी गुंडाळतात. आम्ही आधी हसायचो. आता मीही गुंडाळते. फुरसं किंवा घोणस बुटाच्या उंचीमुळे रोखली जाईल असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो, त्यावर जाऊ नका. कापड ते कापडच. पाय टाकण्याआधी काठीने गवत हलवायचं, हाच उपाय.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बूट घेताना कुणी हे बघत नाही. दुकानात दोन पावलं टाकून बघा, तळ चुंई-चुंई करतोय का. हे बूट वाजत नाहीत. रात्रीच्या गस्तीला ते फार कामाचं आहे, कारण मध्य प्रदेशच्या हद्दीकडून साग चोरायला येणारे लोक कानाने आपल्यापेक्षा तयार असतात. पण दिवसा हेच बूट अडचण करतात. अस्वलाला आपण येतोय हे आधी कळलेलं बरं, नाहीतर ते वळणावर अचानक समोर येतं आणि घाबरून अंगावर येतं. म्हणून दिवसा मी आणि वनमजूर दादा मोठ्याने बोलत चालतो. त्यांना पावरी गाणी येतात, मला अहिराणी. अस्वलांना दोन्ही कळत असावीत, अजून तरी कुणी तक्रार केली नाही.

तळाची नक्षी हाही एक मुद्दा. धुळीच्या वाटेवर ठसा स्पष्ट उमटतो. आम्ही ठसे वाचतो तसे सागचोरही वाचतात. सकाळी गस्त होऊन गेली हे ठशावरून कळलं की दुपार त्यांची. या बुटांचा फायदा असा की आठवडे बाजारात शेतकरीही हेच घेतात. त्यामुळे ठसा केळीला पाणी द्यायला निघालेल्या माणसाचा की माझा, हे कळत नाही. जास्तीचे पैसे देऊन वेगळ्या नक्षीचे परदेशी ट्रेकिंग शूज घेऊ नका, ते कारण हे.

व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते आणि वाघ असो-नसो, प्रत्येक बीटात चालावं लागतं. आधी पाच-पाच किलोमीटरच्या वाटांवर ठसे, विष्ठा, ओरखडे शोधायचे, मग दोन किलोमीटरची सरळ रेषा धरून हरणं-भेकरं मोजायची. सरळ म्हणजे सरळ, मध्ये करवंदाची जाळी आली तरी. तिथे हे बूट टिकले. पण गणनेच्या वाटेवर निघताना बुटांची नाडी बांधता बांधता वनरक्षक स्वाती ढुमणे यांची आठवण येतेच. ताडोबात २० नोव्हेंबर २०२१ ला त्या हीच चाल चालत होत्या, सोबत तीन वनमजूर. पुढे रस्त्यावर वाघीण दिसली, त्या थांबल्या, बराच वेळ वाट बघितली, मग बाजूने वळसा घेतला आणि त्यात हल्ला झाला. वनरक्षकाने जे करायला हवं ते सगळं त्यांनी केलं होतं. त्यानंतर ताडोबात पायी गणना थांबवली गेली. घरी माझ्या सासूबाईंनी माझे तेव्हाचे बूट लपवून ठेवले होते. कुठे, ते अजून सांगत नाहीत. मला दुसरे घ्यावे लागले.

वाघाचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात तो मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेड्याच्या बाजूला. तिथलं मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ ला झालं. पूर्णेकाठी केळीच्या बागांत वाघ राहतो हे जळगावच्या माणसालाही सांगितलं तर पटत नाही. ठिबकमुळे जमीन ओली, वर पानांची सावली, शेजारी रानडुकरं, त्याला आणखी काय हवं. माणसाला मात्र तिथल्या काळ्या मातीत चालवत नाही. तळाच्या खोल नक्षीत चिखल बसतो, वीस पावलांत एकेका पायाला किलोभर माती, आणि ती काडीने खरवडावी लागते. तिकडची बीट असेल तर हे बूट घेऊच नका, शेतातले गमबूट घ्या. पूर्ण तारा इथे गेला.

वणव्याचा हंगाम आमचा १५ फेब्रुवारी ते १५ जून. डेहराडूनहून, भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा मेसेज अक्षांश-रेखांशासह मोबाइलवर येतो आणि आपण पाला उडवायचा ब्लोअर घेऊन पळायचं. बहुतेक वेळा मोहाखालचा पाला कुणीतरी फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पेटवलेला असतो. गरम राखेवरून चालताना रबराचा वास येतो, पण तळ वितळला नाही. पुढच्या कडेचा गोंद तेवढा सुटला. यावल स्टँडजवळच्या मोचीकाकांनी साठ रुपयांत दोऱ्याने शिवून दिला, आणि ती शिवण मूळ गोंदापेक्षा पक्की निघाली. नवे घेतल्या घेतल्याच शिवून घ्या.

मावसबहिणीने विचारलं, ताडोबा सफारीला असेच बूट घेऊ का. अगं, जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नसतो, चप्पल घाल. आणि मोबाइल गेटवर जमा होईल याची तयारी ठेव. ताडोबात ती बंदी २०१८ पासूनच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात जिप्सींनी वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंनी अडवून धरली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल आणि रात्रीची सफारी दोन्ही बंद करायला सांगितलं. चांगलं झालं. आमचं मात्र उलटं. गणनेत ॲपवर वाट उमटली नाही तर चाललोच नाही असं धरतात. त्यामुळे बुटाच्या बरोबरीने पॉवर बँकेचाही खर्च धरा.

माप चारचं दुकानात नसतं, मागवून देतात, दोन आठवडे लागतात. नाडी सोबत येते ती फेकून द्या, नायलॉनची घ्या. आणि संध्याकाळी जा, चालून चालून पाय सुजलेला असतो तेव्हा माप खरं कळतं.